गाडी काढायचीय

मराठीत ‘गाडी काढणे’ हा एक मोठा घोळ आहे आणि यंदा पावसाळ्याच्या शेवटी मी त्यात चांगलीच अडकले होते. दारातली गाडी रस्त्यावर आणली तरी ती काढली. शोरूममधून नवी घेतली तरी काढली. आणि जुनी कुणाला देऊन टाकली, तरी तीही काढलीच. मी रोह्याच्या शाळेत मराठीच शिकवते. एकाच क्रियापदाचे वेगवेगळे अर्थ फळ्यावर लिहून देताना मला आजवर कधी घाम फुटला नव्हता.

माझी व्हॅन वीस वर्षांची झाली, म्हणजे तिला दुसऱ्यांदा पासिंगला न्यायची वेळ आली. सकाळी पेणहून रोहा आणि शाळा सुटली की रोह्याहून पेण, यातच तिचा जन्म गेला. हायवेचं काम सुरू झालं तेव्हा ती तरणीताठी होती. आता ती म्हातारी झाली, काम अजून चालूच आहे. खाडीच्या हवेनं आणि पावसानं तिचा पत्रा खाल्ला. एका जुलैत मी ब्रेकवर पाय ठेवला आणि खालून पायावर पाणी उडालं, म्हणून तळाला नवा पत्रा मारून घेतला. मग रेडिएटर बदलला, मग वायपरची मोटर. भिसे खिंडीत पावसाळ्यात समोरचं काही दिसत नाही म्हणून झगझगीत पांढरे दिवे बसवले. मागचं दाखवणारा कॅमेराही बसवला. त्यात सगळं हिरवं दिसतं, आमची तुळस आणि शेजाऱ्यांची मोटरसायकल दोन्ही सारखीच.

ही सगळी कामं वाटेत लागणाऱ्या गडब गावच्या मेकॅनिककडे झाली. एवढं केलं की पाच वर्षं बघायला नको, असं तो दर वेळी सांगायचा. त्याची पाच वर्षं कधी पाच महिन्यांतच संपायची, तरी पुढच्या वेळी मी पुन्हा मान डोलवायची. मी काही भोळी नाही. गाडी सुरू झाली की मला तिच्याविरुद्धचं काहीच आठवत नाही, एवढंच.

या वेळी मात्र यादी लांबली. पासिंगला न्यायच्या आधी दरवाज्यांचा पत्रा, मागची स्प्रिंग, टायर, रंग, सगळंच करायला हवं होतं. मावसभावानं फोनवर माझी यथेच्छ थट्टा केली. आता फक्त नंबरप्लेट तेवढी मूळची राहील, असं म्हणाला. मलाही पटलं. संध्याकाळी दमून घरी आले की मी नवी घ्यायची असं पक्कं करायची, आणि सकाळी पहिल्या चावीला व्हॅन सुरू झाली की ते मोडायची. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. नवी घेऊन मी जाणार कुठं होते? आणि जुनीवर आणखी किती ओतायचं? शाळेत, स्वयंपाकघरात, आंघोळ करतानासुद्धा डोक्यात हेच. माझी मलाच चीड येत होती.

त्यात आई होती. आई एकोणऐंशी वर्षांची आहे, माझ्याजवळ पेणलाच असते. तिचं माहेर रोहा. धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, अजून तिथंच मावसभावाकडे राहते. मावशी आता घराबाहेर पडत नाही आणि तिला फोनवर ऐकू येत नाही. म्हणून महिन्यातून एका रविवारी मी आईला व्हॅनमधून मावशीकडे नेते. दोघी दिवसभर बोलतात, आई मोठ्यानं आणि मावशी त्याहून मोठ्यानं.

आईचे गुडघे वाकत नाहीत. तिच्या गाडीत चढण्याची एक रीत आहे. व्हॅनचं सरकतं दार उघडायचं, आतला जुना लाकडी पाट काढून खाली ठेवायचा. आई पाटावर चढते, वळून पाठमोरी होते, दाराशेजारचा दांडा धरते आणि मागच्या मागे सीटवर बसते. मग एकेक पाय आत. दांडा मेकॅनिकनं जाड पाइपचा तुकडा वेल्डिंग करून बसवलेला आहे. इतक्या वर्षांत व्हॅनला जे काही नवं लावलं, त्यात एकदाही न बिघडलेली वस्तू तीच.

गणपती झाल्यावर मी आईला घेऊन शोरूममध्ये गेले. उंच गाडीत तिचा पाय पोचेना. बुटक्या गाडीत ती बसली, पण मग उठता येईना. शेवटी मी आणि तिथली मुलगी, दोघींनी धरून तिला ओढून बाहेर काढलं. आई हसली, म्हणून मीही हसले. मी दांड्याचं विचारलं, तर नव्या गाडीला असं काही वेल्डिंग करायचं नसतं, असं त्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं. परतताना व्हॅनमध्ये आई म्हणाली, ‘चांगली हाय गो ती पांढरी. घेऊन टाक. माझं काय, मी घरातच असते.’

ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. आज त्याची लाज वाटते. तेव्हा मात्र मला कुणीतरी ‘घे’ म्हणालं याचंच बरं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात, शनिवारी, मी कंटाळून दोन फोन केले. मावसभावाला सांगितलं की दसऱ्याआधी गाडी काढायचीय. मेकॅनिकलाही तेच सांगितलं. मावसभावानं लगेच अभिनंदन केलं आणि रंग कोणता विचारला. मेकॅनिक नुसतंच बरं म्हणाला. मी नेमकं काय म्हणाले ते मलाच ठाऊक नव्हतं, आणि त्या दोघांनी आपापल्या परीनं ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आई ओट्यावर तयार बसलेली. ठेवणीतलं लुगडं, केसांना तेल, पायाशी कापडी पिशवी. तो रोह्याला जायचा रविवार नव्हता. मी कुठं निघालीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘काल फोनवर बोललीस ना, गाडी काढायचीय म्हणून.’

मी कपाळाला हात लावला. हिला वाटलं, फिरायला जायचंय. मला हसूही आलं आणि वैतागही, कारण वह्या तपासायच्या पडल्या होत्या. पण तिचा तो थाट बघून नाही म्हणवेना. पाट ठेवला, आई चढली. पिशवी उचलून दिली तेव्हा ती चांगलीच जड लागली. पोह्याचे पापड असणार, ती दर वेळी मावशीला डझनभर नेते. एवढी जड का, असं मनात आलं, पण दारं लावताना विसरले.

डोलवीच्या कंपनीची धुरांडी मागे पडली आणि गडबला मेकॅनिकनं रस्त्यातच हात केला. मी गाडी बाजूला घेतली. त्याच्याबरोबर खांब गावचा एक माणूस उभा होता. त्यानं व्हॅनला चक्कर मारली, टायरला लाथ घातली, पुढची सीट उचलून इंजिन बघितलं. मग आईला म्हणाला, ‘आजी, जरा उतराल का? खालचा पत्रा बघायचाय.’

हे काय चाललंय, असं मी मेकॅनिकवर ओरडलेच. तो बिचारा गोंधळला. ‘बाई, तुमीच बोललात ना काल, गाडी काढायची हाय. मंग मी गिऱ्हाईक बोलावलं. आणि तुमी आलातपन.’

त्याचं काही चुकलं नव्हतं. तरीही मी त्याला आणखी चार शब्द सुनावले, कारण चूक माझी होती.

एवढ्यात आई उतरायला लागली होती. मी धावत जाऊन पाट ठेवला. ती खाली आली, पिशवी घेतली, आणि त्या माणसाला शांतपणे सगळं समजावू लागली. दार सरकवताना थोडं वर उचलायचं. उजवीकडची काच हातानं धरून वर घ्यायची. दांडा पक्का आहे, पण म्हाताऱ्या माणसाला आधी वळू द्यायचं, घाई करायची नाही. तो माणूस मान हलवत होता. मग आईनं तो पाट हळूहळू वाकून उचलायचा प्रयत्न केला. तिला जमेना, तेव्हा मी उचलला.

‘पाट त्यांना देऊ नको,’ ती मला म्हणाली. ‘पाट घरचा हाय. आणि आज तेवढं मला रोह्याला नेऊन आण गो. मंग काढ.’

तेव्हा कुठं मला कळलं. तिनं शनिवारी फोनवरचं नीट ऐकलं होतं. गाडी काढण्याचा खरा अर्थ तिघांत कुणाला लागला असेल तर तो तिलाच. गाडी जाणार, म्हणजे आपलं रोहा संपलं, हे तिनं रात्रीतच मनाशी धरलं होतं आणि शेवटचं भेटायला म्हणून ती लुगडं नेसून बसली होती. मी पिशवीत डोकावले. वर्षाचे सगळे पापड होते. डबा उपडा करून आणला होता तिनं.

मला रडू आलं. रस्त्यावर, त्या परक्या माणसासमोर. आई म्हणाली, ‘माझ्या गुडघ्यांसाठी गाडी ठेवू नकोस हां.’ ते ती मनापासून म्हणत होती, हेच वाईट होतं.

मी त्या माणसाला नमस्कार करून गाडी द्यायची नाही असं सांगितलं. मेकॅनिकला म्हटलं, पासिंगला लागेल ते सगळं करा. तो उत्साहानं म्हणाला, एवढं केलं की पाच वर्षं बघायला नको. या वेळी मला त्याचं म्हणणं खरं व्हावं असं फार वाटलं.

मी बरोबर केलं का, ते मला आजही कळत नाही. दरवाजे नवे झाले, तर आता गिअर अडकतो. मावसभाऊ अजून रंग विचारतो. शाळेत जाताना डंपरच्या मागे गचके खात असते तेव्हा मी स्वतःला शिव्या देते, आणि शहाणी असते तर त्या दिवशीच दिली असती असं म्हणते.

त्या रविवारी रोह्याला दोघी बहिणी नेहमीसारख्या ओरडून बोलल्या. आईनं मावशीला पापड मोजून बारा दिले. संध्याकाळी निघताना मी पिशवी उचलली, तर ती जवळजवळ सकाळइतकीच जड होती. बाकीचे पापड तिनं पुढच्या खेपांसाठी ठेवून घेतले होते. पाट ठेवला, आई त्यावर चढली, वळली आणि दांडा धरून म्हणाली, ‘थांब, घाई करू नको.’