पिवळ्या उजेडातली स्कूटर

ती घटना आजही आठवते असे मी म्हणणार नाही. आठवायला माणसाला आधी विसरावे लागते, आणि तेवढी सवलत मला कधी मिळालीच नाही.

पंजाबात दहशतवादाची वर्षे चालू होती. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, पण तेव्हा प्रतिनियुक्तीवर चंदीगडमध्ये पोलीस निरीक्षक होतो. ठाण्याच्या दारात वाळूच्या गोण्या रचलेल्या असत. वायरलेसची खरखर दिवसभर थांबत नसे. अंधार पडायच्या आत नाकाबंदी लागे आणि सकाळी हजेरीला सगळी माणसे उभी दिसली की मी मनातल्या मनात देवाला हात जोडी.

अशा दिवसांत माझ्या टेबलावर रस्त्यावरच्या दिव्यांची एक फाईल आली. विजेची टंचाई होती. म्हणून एका सेक्टरमधल्या एका गल्लीत जुने पांढरे दिवे काढून सोडियमचे पिवळे दिवे लावले होते. कमी विजेत जास्त उजेड, असा तो प्रयोग. तो परवडतो की नाही हे तपासायचे काम विद्यापीठातल्या एका नागपूरकर प्राध्यापकाकडे होते. गृहस्थ भलताच काटेकोर. एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे, असा मोठा तक्ता घेऊन तो स्वतः ठाण्यात आला.

"साहेब, यात पोलिसांचं मत लागते. एकदा वाचून घ्या न, मग सही करा."

"वाचतो," मी म्हणालो.

त्याच दिवशी दोन ठिकाणी बॉम्बच्या अफवा होत्या. गुन्ह्याची फाईल मी ओळन् ओळ वाचत असे. दिवे, झाडे, गटारे यांच्या फायलींवर मात्र आमच्या ठाण्यात एकच शेरा मारायची रीत होती. तो मी मारला. 'हरकत नाही.' खाली सही केली आणि फाईल परत पाठवली.

त्यानंतर महिनाभराने, थंडीच्या एका संध्याकाळी, नेमक्या त्याच गल्लीत एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांच्या फाटकासमोर गोळ्या घालण्यात आल्या. त्यांना धमकीची पत्रे येत होती आणि ती ते फाडून टाकत होते. मी पोचलो तेव्हा दिवे लागून तास झाला होता. पंचनाम्याला बसलो तेव्हा फरशीवरचे रक्त मला काळे दिसले. थंडीने साकळले असेल असे वाटले आणि मी पुढे लिहू लागलो. त्या एका गोष्टीपाशी मी थांबलो असतो, तर पुढचे काहीच घडले नसते.

साक्षीदार एकच होती. समोरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी कोल्हापूरची एक बाई. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेला. दिवे लागल्यावर ती दोरीवरचे कपडे काढायला व्हरांड्यात आली होती.

"दोघं होती बघा. डोक्यावरनं चादरी घेतलेल्या. तोंडं न्हाई दिसली. पर स्कूटर चांगली बघितली मी. काळी कुळकुळीत."

"वहिनी, नक्की काळी?"

"आता काय सांगू! काळीच हाय म्हणते की. मी काय आंधळी हाय?"

परक्या मुलखात आपल्या भाषेतली साक्ष मिळाली की केवढा भरवसा वाटतो! पंजाबी किंवा हिंदी बोलणाऱ्या साक्षीदाराला मी चार वेळा उलटसुलट विचारले असते. हिला एकदा विचारले आणि तिच्या हातचा चहा घेऊन उठलो.

चौथ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. मोहालीच्या बाजूच्या एका खेड्यातला सव्वीस वर्षांचा एक माणूस, डेराबस्सीच्या औषध कारखान्यात कामाला, काळी स्कूटर, मुख्याध्यापकांच्या गल्लीत येणे-जाणे. आम्ही पहाटे जाऊन त्याला उचलले. गल्लीत त्याची मावशी राहत होती, हे खरे निघाले. घटनेच्या संध्याकाळी तो घरी आजारी आईजवळ होता असे घरचे सांगत होते, पण घरच्यांची साक्ष आम्ही कधीच धरत नसू. स्कूटर त्या बाईला दाखवायचे ठरले. मी ती मुद्दाम संध्याकाळी, त्याच जागी, त्याच दिव्याखाली उभी केली. परिस्थिती जशीच्या तशी हवी, असे मी हाताखालच्या माणसांना ऐटीत समजावूनही सांगितले.

"हीच," बाई म्हणाली.

चौकशी तीन दिवस चालली. खोटे बोलणारा माणूस रोज हकिगतीत थोडी भर घालतो. खरे बोलणाऱ्याकडे भर घालायला काही नसते. हा माणूस तीनही दिवस एकच वाक्य बोलत होता.

"जनाब, स्कूटर मेरा काला है, पर मैं उस दिन गया ही नहीं."

एवढी वर्षे माणसे पारखण्यात घालवली होती, तरी मी त्याला निर्ढावलेला ठरवला. मी स्वतः त्याच्या अंगाला हात लावला नाही, असे पुढे बरीच वर्षे मी स्वतःला सांगत असे. माझ्या माणसांनी लावला, आणि मी शेजारच्या खोलीत बसून होतो.

त्याचा बाप रोज सकाळी ठाण्याच्या बाकावर येऊन बसे. सैन्यातून निवृत्त झालेला उंच म्हातारा. मी मराठी आहे हे कळल्यावर तो उठून उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "साहेब, मी पुण्यात नौ साल होतो." मग त्याला भाषा पुरेना. "साब जी, पुत्तर को अपने पास रखना. पीटना है पीट लो, जेल भेज दो. बस दूसरों को मत देना. ले जाते हैं तो वापस नहीं लाते जी."

दुसरे म्हणजे कोण, हे त्या काळात कुणाला सांगावे लागत नसे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नहीं दूँगा. पक्का."

दोन दिवसांनी शेजारच्या एका जिल्ह्यातले पथक कागद घेऊन आले. त्यांच्याकडच्या एका जुन्या गुन्ह्यात त्यांना हा माणूस हवा होता. माझ्याकडची कोठडीची मुदत अजून शिल्लक होती. तपास अपुरा आहे असे लिहून मी त्यांना परत पाठवू शकत होतो. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "अरे यार, क्यों अपने सिर लेते हो? दे दो." मी कागदावर शेरा मारला. 'हरकत नाही.' खाली सही केली. म्हातारा त्या वेळी मुलासाठी डबा आणायला गेला होता. त्याला टाळण्यासाठी मी ती वेळ निवडली होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी नागपूरकर प्राध्यापक पुन्हा आला. प्रयोग यशस्वी ठरला होता, दिवे शहरभर लावायचे होते.

"साहेब, तोट्याच्या बाजूला मी एक मुद्दा लिहिला होता. त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाही. तेवढा एक तुमच्याच खात्याचा होता न."

"कुठला मुद्दा?"

त्याने तक्ता माझ्यापुढे उघडला. "म्हणजे तुम्ही वाचलंच नाही का जी?"

त्याने बोट ठेवले. तिथे लिहिले होते, की या उजेडात माणूस आणि वाहन स्पष्ट दिसते, पण रंग ओळखू येत नाहीत. ओळख पटवण्याच्या कामी अडचण येऊ शकते, पोलिसांनी अभिप्राय द्यावा.

मी ते दोनदा वाचले. मग त्याला जीपमध्ये बसवून त्या गल्लीत नेले. दिवे लागायची वाट पाहत आम्ही फाटकापाशी उभे राहिलो. प्राध्यापकाच्या अंगात गडद निळा स्वेटर होता. दिवे लागले, उरलासुरला दिवसाचा उजेड गेला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो स्वेटर काळा झाला. मी बाईंना व्हरांड्यात बोलावले.

"वहिनी, यांच्या स्वेटरचा रंग सांगा."

"काळा की," ती म्हणाली. आणि माझे तोंड बघून घाबरली. "का ओ साहेब? चुकलं का माझं?"

तिचे काही चुकले नव्हते. तिने जे पाहिले तेच सांगितले होते.

ठाण्यावर येऊन मी वायरलेसवर संदेश दिला. आरोपीस तातडीने परत पाठवावे. उत्तर लगेच आले. लपवलेली शस्त्रे दाखवण्यासाठी त्याला नेत असताना त्याच्या साथीदारांनी हल्ला केला आणि त्यात तो ठार झाला. आदल्या दिवशी पहाटे. त्याला साथीदार नव्हते, हे तोवर मला पुरते कळले होते. ज्याला सगळे वरातीमागून घोडे म्हणतात, ते घोडे मी त्या संध्याकाळी पाठवले होते.

मग मी चोरीच्या वाहनांची नोंदवही काढली आणि या वेळी निळा रंग शोधला. घटनेच्या दोन दिवस आधी चोरीला गेलेली एक गडद निळी स्कूटर घटनेनंतर बेवारस सापडली होती आणि आमच्याच ठाण्याच्या आवारात, कडुलिंबाखाली उभी होती. काळ्या स्कूटरच्या शोधात रोज बाहेर पडताना मी तिला वळसा घालून जीपपर्यंत जात होतो. काखेत कळसा असणे म्हणजे काय, ते मी तेव्हा शिकलो. तिच्या डिकीत गोळीची रिकामी पुंगळी निघाली. मुख्याध्यापकांच्या फाटकाशी मिळालेल्या पुंगळ्यांशी ती जुळली. खरे मारेकरी कधीच सापडले नाहीत. निनावी फोन करणाऱ्याचा मात्र पुढे पत्ता लागला. म्हाताऱ्याशी त्याचा शेताच्या हद्दीवरून तंटा होता.

मी सविस्तर अभिप्राय लिहिला. दिवे लावावेत, पण चौकांत आणि नाक्यांवर पांढरे ठेवावेत, आणि या उजेडातली रंगाची साक्ष एकटी धरू नये. घडले ते सगळे लिहिले, माझ्या सह्यांसकट. तो कागद वरून परत आला. 'विषयाशी संबंध नाही.' दिवे शहरभर लागले. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांचा उपयोगही झाला. विजेची बचत खरी होती, अंधारे रस्ते उजळले, बायका संध्याकाळी फिरायला बाहेर पडू लागल्या. दिव्यांना दोष देऊन मला सुटता येईल अशी एकही फट मला सापडली नाही. प्राध्यापकाच्या तक्त्यात तोट्याची बाजू लिहिलेली होती. वाचणारा मी होतो.

या प्रकरणाने काय शिकवले, असे लोक विचारतात. मी आता गॅसची पावतीसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि बायको हसते. एवढेच शिकलो. त्या शिकण्याचा कुणाला काही उपयोग झालेला नाही.

सहा महिन्यांनी म्हातारा मुलाची स्कूटर न्यायला आला. दिव्यांचे आणि निळ्या स्कूटरचे मी त्याला आधीच सांगितले होते. ते ऐकताना तो रडला नाही, ओरडला नाही, मी दिलेल्या शब्दाची त्याने मला आठवणही करून दिली नाही. त्याने ती केली असती तर मला बरे वाटले असते. ताब्यात दिल्याची पावती मी त्याच्यापुढे ठेवली आणि सहीच्या जागेवर बोट दाखवले. त्याने माझे बोट बाजूला सारले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. हवालदार चुळबुळ करू लागला, त्याला मी खुणेने गप्प केले. गाडीचा नंबर, इंजिनचा नंबर, मालकाचे नाव. रंगाच्या ओळीवर म्हातारा थांबला. तिथे काळा असे लिहिले होते.

"साब जी," त्याने मान वर केली, "यह दिन में देखकर लिखा है न?"

मी हो म्हणालो. तेव्हा त्याने सही केली.