सम्राज्ञी मान वळवत नाही

शेजारच्या आंटी नुसती मान कधी वळवत नसत. मागून हाक मारली की पायांपासून अख्ख्या वळत आणि पूर्ण समोर आल्यावरच विचारत, "काय रे?" मला आधी वाटलं, मानेचं दुखणं असेल. तसं काही नव्हतं. तरुणपणी चिनी संगीत नाटकांच्या फिरत्या मंडळीत त्या सम्राज्ञी व्हायच्या. मुकुट जड, त्याला मोत्यांच्या लडी. "लडी हलल्या तर दासी, नाही हलल्या तर सम्राज्ञी," असं त्या सांगत. नाटक सुटलं, मान तशीच राहिली.

सिंगापुरात हौगांगला आम्ही फ्लॅट घेतला त्या वर्षी, चिनी लोकांच्या भुतांच्या महिन्यात, खालच्या मैदानात मांडव उभा राहिला. नाटक सुरू झालं. पहिली रांग रिकामी पाहून मी खुशाल जाऊन बसलो. फुकट आणि तीही पुढची जागा, आपण सोडतो होय? तेवढ्यात कोणीतरी मागून बाही ओढली. "ऊठ, ऊठ! ती मेलेल्यांची रांग आहे. तुला एवढी घाई कसली, लाह?"

शेजारच्या दारातल्या आंटींशी माझी ओळख ही अशी झाली.

माझ्या बायकोशी, वैशालीशी, त्यांचं जास्त जमलं. दोघींची भाषा म्हणजे मोडकी इंग्रजी आणि उरलेले हातवारे. टीव्हीवर राजवाड्याच्या मालिका लागल्या की आंटी आमच्याकडे येऊन बसत आणि चुका काढत. "बघ, सम्राज्ञी धावते आहे! आग लागली तरी सम्राज्ञी धावत नाही." साबुदाण्याच्या खिचडीवरही त्यांचा आक्षेप होता. "सागो गोड करतात. तुम्ही लोक त्याला मिरची का लावता?" असं म्हणून बशी पुन्हा पुढे करायच्या.

राजवाड्याचे नियम आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. मी हिशेबातला माणूस, पुस्तकं पडताळलेली नाहीत; ऐकलं ते सांगतो. सम्राटाच्या बायका अनेक, सम्राज्ञी एक. मूल कोणत्याही बाईला होवो, त्याने आई म्हणायचं ते सम्राज्ञीला. जन्म देणारीने मागे उभं राहायचं. नाटकात आंटींनी अशी कितीतरी मुलं मांडीवर घेतली होती. खरी आई बाजूला, गुडघ्यांवर. "ते काम करणारी पोरगी रोज खरंच रडायची," त्या म्हणाल्या. "तोंडाचा रंग उतरतो म्हणून मी तिच्यावर ओरडायचे."

वैशालीने सहज विचारलं, "आणि घरी तुम्ही कोण होतात?"

"घरी? मागे उभी राहणारी."

मग सगळं कळलं. त्यांचा नवरा तांदळाचा व्यापारी, आधीच लग्न झालेला. पहिलीला मूल नव्हतं. आंटींना मुलगा झाला आणि तो चालायला लागल्यावर थोरल्या घरी गेला. त्या घरात तो थोरलीला आई म्हणू लागला आणि हिला, आपण सगळे म्हणतो तसं, आंटी. शिकला, रॅफल्स प्लेसला बँकेत चढत गेला, आता निवृत्त झाला आहे. दर चिनी नव्या वर्षाला दोन संत्री घेऊन येई, अर्धा तास बसे, जाताना औषधं आहेत ना, विचारी. सभ्य माणूस. त्याच्याबद्दल वाईट लिहावं असं माझ्याकडे काही नाही.

थोरली खूप म्हातारी होऊन गेली. आंटी मनापासून रडल्या. "चांगली होती. त्याला ताप आला की मला निरोप पाठवायची." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "राजवाड्यात सम्राज्ञी गेल्यावर कधीकधी जन्मदातीला वर बसवत."

सुतकाचं वर्ष सरलं. पुढच्या नव्या वर्षाला आंटींनी लाल रेशमी झगा घातला, वैशालीकडून केस बांधून घेतले आणि दार सताड उघडं ठेवलं. आम्ही दोघं कॉरिडॉरमधल्या कुंड्यांना पाणी घालत राहिलो. कुंड्या भरून पाणी बाहेर आलं तरी. तुम्हीही घातलं असतंत.

तो आला. दोन्ही हातांनी संत्री पुढे केली. "हॅपी न्यू इयर, आंटी."

त्यांनीही दोन्ही हातांनी घेतली. "बस. जेवलास का?" मान तसूभर हलली नाही.

तो गेल्यावर वैशालीला राहवलं नाही. "तुम्हीच का नाही सांगत त्याला?"

"हुकूम काढायला मी काय सम्राट आहे? त्याच्या तोंडाला साठ वर्षांची सवय आहे. ती आता कशी मोडणार?" त्यांनी एक संत्रं सोललं आणि निम्मं तिच्या हातावर ठेवलं.

यंदा त्या गेल्या, झोपेतच. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत गोल टेबलं मांडली होती. एका टेबलाशी अंत्यविधीवाल्यांचा माणूस नात्याप्रमाणे कापडाचे छोटे चौकोन देत होता. पोटच्या मुलांना काळा, नातवंडांना निळा. गेलेली बाई असेल तर तो उजव्या बाहीवर लावतात.

मुलगा आला तसं त्या माणसाने निळ्याकाळ्या ढिगावरून वर पाहिलं. "तुम्ही कोण? भाचे?"

तो थांबला. मग म्हणाला, "मुलगा."

काळा चौकोन हातात आला. डाव्या हाताने त्याला पिन लावता येईना. मी लावून दिली. वैशालीच्या डोळ्यांना धार लागली होती, पण ती रडत रडत हसत होती.

पेटीला चेहऱ्यापाशी काच होती. तो तिथे जाऊन वाकला. बराच वेळ ओठ नुसते हलत राहिले. आम्ही मागे उभे होतो.

"आंटी," तो म्हणाला, "मी आलोय."