चाचांनी अंगावर घेतलेला बूस्टर

अमरावतीत एक रेडिओ मिस्त्री होते. सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणायचा. ते नसते तर आज सुरतेत माझं दुकान नसतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला हुशार समजणार नाही.

मी आठवीत शाळा सोडली. अकोल्याकडच्या आमच्या गावात लागोपाठ दोन वर्षं कपाशी लाल पडून गेली, तेव्हा चोविसाव्या वर्षी चाचांच्या हाताखाली लागलो. देशभर शहरोशहरी टीव्हीचे मनोरे उभे राहत होते, ते हे वर्ष. तोवर अमरावतीत टीव्ही म्हणजे नागपूरच्या मनोऱ्याकडे तोंड केलेला अँटेना, चाळीस फुटी पाइप आणि सिग्नल वाढवणारा बूस्टर. तरी चित्रात मुंग्याच जास्त. मला एकच विद्या येत होती: चित्र आलं नाही की पाइप वाढवायचा.

मग शहरातच मनोरा सुरू झाला. त्याच आठवड्यात माझ्या गावच्या शाळेतल्या गुरुजींनी टीव्ही घेतला. निवृत्त होऊन ते अमरावतीत राहायला आले होते. मी शाळा सोडली तेव्हा ते म्हणाले होते, "अर्धवट शिकलेला माणूस कामही अर्धवटच करतो." म्हणून मी हट्टानं चाचांना म्हणालो, हे काम मी एकटा करतो.

"जाय. पर बूस्टर मत लगाना," चाचा म्हणाले. "टॉवर आता डोक्यावर हाय, सिग्नल जास्त झाला तं चित्र फाटते."

मी मान हलवली. पण गच्चीवर गेल्यावर धीर सुटला. असलेला बरा, म्हणून खाली येऊन टीव्हीमागे बूस्टर लावलाच. अँटेना तर सवयीनं नागपूरकडेच केला होता.

खाली गुरुजींच्या पत्नीनं टीव्हीला हळद-कुंकू वाहिलं होतं. शेजारपाजार जमला होता. बटण दाबलं, तर चित्र फाटलेलं, आवाजात घरघर, आणि बातम्या सांगणाऱ्याचे काळे केस पांढरे.

"अबे, याचं तं तोंड काळं अन् केस पांढरे दिसून राह्यले!" शेजारचे काका म्हणाले. "गुरुजी, निगेटिव विकत आणली का?"

मी वर धावलो, पाइपाला आणखी एक पाइप जोडला. खालून ओरडा आला, "अजून बिघडलं बे! काहून वर चढवून राह्यला?"

गुरुजी फक्त चष्मा काढून पुसत बसले. त्याचीच मला भीती वाटली.

शेवटी कोणीतरी चाचांना बोलावून आणलं. सायकल भिंतीला टेकवून ते आत आले, टीव्हीमागचा बूस्टर त्यांनी पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग बूस्टरमधली वायर काढून थेट टीव्हीला जोडली. चित्र स्वच्छ. माणसाचे केस काळे.

"गलती माझी हाय, गुरुजी," चाचा म्हणाले. "मीच याले बूस्टर लावाले सांगितलं होतं."

"मिस्त्री, इतकी वर्षं धंदा करता आणि एवढं कळत नाही?" गुरुजी म्हणाले. "हा माझा विद्यार्थी आहे. त्याला नीट शिकवा."

चाचांनी मान डोलावली. मी पक्कड पुसत उभा राहिलो, तोंड उघडलं नाही.

परतताना मी सायकलच्या बाजूनं चालत होतो. म्हणालो, "चाचा, तुमी काहून असं बोलले?"

"माझं नाव जुनं हाय, थोडं घासलं तरी चालते. तुयं अजून व्हाचं हाय."

माझं नाव झालं. त्या गल्लीतले लोक पुढे मला बोलवायला आले. चाचांना नाही. शेजारचे काका तर माझ्यासमोरच म्हणायचे, "तो बुढा नको, त्याले बूस्टरचंही समजत नाही." तेव्हाही मी गप्प. त्या कामांवर हात बसला, आणि पुढे सुरतेला जाऊन टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं.

चाचांचे हात आता कापतात, दुकान बंद आहे. गुरुजीही फार थकलेत, पण ऐकू येतं म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहणार नाही. अमरावतीला जाईन, चाचांना सोबत घेईन, शेजारच्या काकांनाही बोलावीन, आणि गुरुजींसमोर उभं राहून सांगीन: चाचांनी नको म्हटलं होतं, बूस्टर मी लावला होता.