मशीन हातावर घेतलं तो दिवस

कागलच्या एमआयडीसीत मसाल्याच्या कारखान्यात मी भाजणीच्या मशीनवर आहे. शिक्षण चौथीपर्यंत. कुणाशी फारसं बोलणं नाही. मला मशीनवर उभं केलं तेव्हा पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, "बरं झालं, मशीनबी बोलत न्हाय."

मशीनला एक चौकोनी डबा आहे. त्यात वरचा लाल आकडा म्हणजे आत किती तापलंय ते, खालचा हिरवा म्हणजे किती तापायला पाहिजे ते. ऑटोवर असलं की डबाच गॅस कमी-जास्त करतो. मॅन्युअलवर टाकलं की गॅस आपल्या हातात. पण साहेबांना विचारल्याशिवाय मॅन्युअलचं बटण दाबायचं नाही, असं मला सांगितलेलं. आधीचा माणूस काम सोडून गेला होता आणि दिवाळीपर्यंत बघू म्हणून मला ठेवलं होतं. माल करपला तर परत पॅकिंगला. मला जायचं नव्हतं. त्या डब्यापुढं उभं राहायला मला आवडायला लागलं होतं.

खंडेनवमीला आम्ही मशिनं धुतली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. माझ्या जोडीला एक मावशी आहेत, हाताला भारी स्वच्छ. त्यांनी आपल्याकडची बाजू घासूनपुसून लखलखीत केली.

दसऱ्यानंतर पहिला घाणा खोबऱ्याचा होता. खोबरं करपलं की अख्खा मसाला कडू. मी ऑटोवर टाकलं. लाल आकडा काही चढेना, आणि तो चढेना म्हणून डबा गॅस वाढवतच चालला. खाली ज्योत घोंघावायला लागली. आकडा सांगत होता अजून कोमट आहे, पण खोबरं तांबूस होऊन त्याचं तेल सुटत होतं. साहेब पार पुढच्या ऑफिसात. मी मॅन्युअलचं बटण दाबलं आणि गॅस उतरवला.

"अगं, ऑटोवरच ऱ्हाऊ दे की. साहेब वरडत्यात," मावशी म्हणाल्या.

"वरडू देत," मी म्हणाले. असं मी कधी कुणाला बोलले नव्हते.

साहेब आलेच. "मॅन्युअलवर कुणी टाकलं?"

"मी."

मी चिमटीभर खोबरं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. चटका बसून त्यांनी हात झटकला, मग आकड्याकडं बघितलं आणि वायरमनला बोलावलं. तापमान मोजायची दांडी अर्धी बाहेर आलेली निघाली.

"ही कुणी काढलीती?" साहेब म्हणाले.

"मी," मावशी म्हणाल्या. "घासून परत खोवली की. सणाच्या दिवशी तिला पारोशी ठेवू व्हय?"

साहेबांना हसू आवरेना. वायरमनही तोंड फिरवून हसला. त्यानं दांडी नीट बसवली, आकडा सरसर वर आला.

"आता टाकायचं ऑटोवर?" साहेबांनी विचारलं. मला विचारलं.

"ह्यो घाणा हातावरच काढते. पुढचा टाकू."

"काढ," म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. मी खोबऱ्यावर नजर ठेवून गॅस थोडा थोडा कमी केला. परातीत ओतलं तेव्हा सगळं एकसारखं बदामी होतं, कीस कुठंच काळा नव्हता. साहेबांनी परात हलवून बघितलं.

"पॅकिंगला दुसरी बाई बघतो," ते म्हणाले. "तू हितंच. आणि बटणासाठी माझ्याकडं यायचं न्हाय."

मी मान हलवली. मग मशीन ऑटोवर टाकलं आणि पुढच्या घाण्याचं खोबरं ओढून घेतलं.