साहेब आले की नेट जायचं

अकोल्याहून येऊन अमरावतीच्या एका कॉलेजात मी नेटवर्क सांभाळायला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, मला बाजूला घेतलं. "ताई, वायरी-बियरी तपासू नका. साहेब आले की नेट जाते. त्याइचा पायगुणच तसा हाये."

साहेब म्हणजे प्राचार्य. मी हसले. दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी फाटकातून आत आली आणि सगळ्या ऑफिसचं नेट गेलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मग माझं हसू गेलं.

आमचा फायरवॉल म्हणजे येणारी-जाणारी माहिती तपासणारा, कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर. साहेब आले की तो बंद पडायचा आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू व्हायचा. शेवटी धीर करून मी साहेबांनाच म्हटलं, "सर, जरा फाटकाबाहेर जाऊन परत येता का?"

"काहून?"

"प्रयोग आहे."

साहेब भला माणूस. गेले, आले. नेट गेलं. "आता गाडी फाटकाबाहेर लावून, फोन तिच्यातच ठेवून या." आले. नेट शाबूत! अख्खं ऑफिस खिडकीत उभं.

मग नोंदी तपासल्यावर कळलं. फोन वाय-फायला जोडला की साहेबांच्या फोनमधलं एक जुनाट ॲप माहितीचं एक मोडकं पाकीट पाठवायचं. असली पाकिटं फेकून देणं हेच फायरवॉलचं काम. पण त्याच्या कोडमध्ये चूक राहिली होती, त्यामुळे ते पाकीट तपासताना तो स्वतःच कोसळायचा. दुरुस्ती कधीच आली होती. आमच्याकडे कोणी अपडेटच केलं नव्हतं. मी केलं. साहेब फोन घेऊन आत आले. नेट हललं नाही.

"सुटलो बाप्पा," साहेब म्हणाले.

दोन दिवसांनी बडेबाबू तोंड पाडून आले. इतकी वर्षं नेट गेलं की टेबल आवरून सगळे ताठ बसायचे. आता साहेब न कळवता थेट आत आले आणि बाबूंची बोटं प्लेटमधल्या गिल्या वड्याच्या दह्यात!

"ताई, ते पयलेसारखं करून देता येते का?"

"नाही," मी म्हटलं. पण साहेबांचा फोन वाय-फायला जोडला की बाबूंच्या कॉम्प्युटरवर कोंबडा आरवेल, एवढी सोय करून दिली. बाबूंनी नेमका आवाज मोठा ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेब दारातच थांबले. "इथं कोंबडं कोन पाळून राह्यलं?"