बाबांनी सरळ केलेली तार

बाबांचे कान लूममध्ये गेले. भिवंडीत उभा जन्म यंत्रमागांच्या त्या खडखडाटात काढलेल्या माणसाचं आणखी काय होणार? कानाचं मशीन आणलं, पण त्यात सगळंच किरकिरतं म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं. ऐकण्यात चूक झाली की आम्ही हसायचो. हळूहळू ते बोलेनासेच झाले.

मी मानकोलीच्या गोदामात बिलं करते. डोक्यावरून जाणाऱ्या विमानांतले पायलट काय बोलतात, ते ऐकायची मला हौस लागली. लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर मागवला, तर नुसती खरखर. चांगली अँटेना घरीच करता येते, असं वाचलं आणि बाबांना कागदावर चित्र काढून दाखवलं. तांब्याच्या दोन काड्या, प्रत्येकी सत्तावन्न सेंटिमीटर.

त्यांनी तांब्याच्या तारेचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं पकडीत धरून ओढलं. तार सरळ झाली. तिच्यातून कापलेल्या दोन्ही काड्या प्लास्टिकच्या पाइपात बसवल्या, जुन्या डिशची केबल जोडली आणि गच्चीवर टाकीशेजारी पाइप उभा केला. तरी खरखरच. मी हिरमुसून तसं कागदावर लिहिलं. बाबांनी शेजारच्या कारखान्याकडे बोट केलं.

"लूमच्या मोटारी चालू हायत, त्यांचीच खरखर. सुक्रवारी बघ, लूम बंद असतात."

शुक्रवारी दुपारी पायलटचा आवाज स्वच्छ आला. आकडे सांगून झाल्यावर तो चक्क 'नमस्कार' म्हणाला. मी ते कागदावर लिहून बाबांना दिलं. कोणाला नमस्कार, त्यांनी विचारलं. खाली विमानतळावर बसलेल्या माणसाला, मी लिहिलं; पण तो जमिनीवर असल्यामुळे त्याचं बोलणं आपल्यापर्यंत पोचत नाही.

ते वाचून बाबा हसले. "म्हंजे तुला पण अर्धंच ऐकू येतंय."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांच्या बाजूने मी कधी बघितलंच नव्हतं.

नंतर दर शुक्रवारी आम्ही गच्चीवर बसू लागलो. मी लिहायची, ते वाचायचे. एकदा जेवताना आई काहीतरी सांगत होती आणि सगळे हसले. एरवी बाबा मान खाली घालून जेवत राहिले असते. त्या दिवशी त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "काय म्हनली?"

हात खरकटा होता. मी त्यांच्या कानाशी वाकून, सावकाश, सगळं सांगितलं.