बंद सेटवरून माझा आवाज

भूतबाधा, करणी, अंगात येणं... यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही आणि आजही मानत नाही. दारात कुणी लिंबू ठेवलं तर त्याचं सरबत करून पिणारी मी बाई आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. हे मी हाताने लिहिलंय, माझ्या भाचीने टाईप करून या ग्रुपवर टाकलंय. माझा एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, असं तिला बजावलंय. घाबरले म्हणून लिहीत नाही. संताप झालाय म्हणून लिहितेय.

मी आंबिवलीला राहते, स्टेशनच्या जवळच, सगळ्यात वरच्या मजल्यावर. घर माझ्या नावावर आहे. वरचा मजला घेतला तो आमच्या ह्यांच्यासाठी – गच्चीवर अँटेना लावायला. हे हॅम होते. म्हणजे सरकारचं लायसन्स काढून वायरलेसवर जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं. जपानात पाऊस आहे का, रशियात थंडी किती – सगळी चौकशी करायचे. घरात माझ्याशी बोलणं म्हणजे "चहा ठेव" आणि "दार लाव". सेट चालू असला की मिक्सर बंद. कुकर लावायचा नाही, शिट्टी माईकमधून हवेत जाते. मी खोकले तरी गप्प म्हणून हात वर करायचे. त्या माईकचं बटण मी कधी दाबलं नाही. लायसन्स नाही त्याने बोलायचं नाही, असा कायदाच आहे म्हणे.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. मोठा सेट ह्यांचे मित्र घेऊन गेले. एक छोटा राहिला – शाळेच्या डब्याएवढा, पट्ट्याने खांद्याला अडकवून डोंगरावर न्यायचे तो. तो बिघडलेला होता, आणि हे तो दुरुस्त करता करताच गेले. झाकण काढलेलं, स्क्रू माझ्या टिकल्यांच्या डबीत. बिघडलेला म्हणून कुणाला नको होता. मी फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला आणि विसरले.

या वर्षी एका रविवारी फिलिपभाऊंचा फोन आला. ते ठाण्याचे, टेंभी नाक्याजवळ राहतात, ह्यांचे जुने मित्र. दर रविवारी सकाळी हे सगळे हॅम वायरलेसवर जमतात. शाळेतल्या हजेरीसारखं एक जण नावं पुकारतो, बाकीचे ओ देतात. पुकारायचं काम फिलिपभाऊंचं.

"वहिनी, तुमच्याकडचा सेट कोण चालवतं?"

"कोण चालवणार? मांजर?"

"तसं नाय वो. हजेरी संपली की तुमचा आवाज येतो. दोन-तीन रविवार झाले. लायसन्सशिवाय बोलणं गुन्हा आहे, वहिनी. उद्या कुणी तक्रार केली तर..."

"माझा आवाज कशावरून?"

"तुमच्या हातचं इतकं जेवलोय, तुमचा आवाज ओळखणार नाय?"

कुणीतरी तो आवाज मोबाईलवर धरून ठेवला होता. तो त्यांनी मला पाठवला, आणि शहाणपणा करून माझ्या मुलालाही. मी ऐकला. आवाज माझाच. "हो, बंद केला मिक्सर." मग गप्प. मग, "नाही, दूधवाला अजून यायचाय." परत गप्प. "ते मला काय विचारता... तुमचं तुम्ही बघा."

कुणाला तरी उत्तरं देतेय असं बोलणं. पलीकडचं माणूस ऐकू येत नाही.

यातलं एक वाक्यही मी बोललेले नाही. आणि ज्या रविवारचं ते होतं त्या सकाळी मी घरातच नव्हते. कल्याणला बहिणीकडे होते, वालाची डाळिंबी सोलत. ही टाईप करणारी भाची साक्षीला आहे.

मुलगा महेश त्याच संध्याकाळी बायकोला घेऊन आला. तो ठाण्याला राहतो, घोडबंदर रोडला. मी आंबिवलीचं घर विकून त्याच्याकडे राहायला यावं, असं त्याचं केव्हापासून चाललंय. आता त्याला कारण सापडलं.

"आई, तू एकटीच बोलतेस. बाबांशी."

"मी कल्याणला होते त्या दिवशी."

"तुझा वार चुकत असेल. या वयात होतं असं."

"मावशीला विचार."

"मावशीचं तरी वय काय कमी आहे?"

सून मध्ये पडली. "आई, आम्ही काळजीनेच म्हणतोय हो."

"काळजी असेल तर पोळ्या लाट. पीठ भिजवलंय."

पुढच्या आठवड्यात मला डॉक्टरकडे नेलं. आज वार कोणता, पंतप्रधान कोण, शंभरातून सात गेले किती. सगळं बरोबर सांगितलं. वर डॉक्टरांना विचारलं, तुमच्या खिडकीतल्या कुंडीत पाणी कोण घालतं, ती तुळस मेलीय. तरीही गोळ्या दिल्या. आणि महेश बाहेर येऊन फोनवर कुणाला तरी सांगत होता, "गिऱ्हाईक बघून ठेवा."

तेव्हा मी फिलिपभाऊंना फोन केला. म्हटलं, तुम्ही लावलेली आग आहे, तुम्हीच विझवायला या. सेट तपासा आणि त्यातून आवाज जाऊ शकतो की नाही ते माझ्या मुलाला सांगा. एवढंच काम.

रविवारी सकाळी आले. हजेरी पुकारायचं काम दुसऱ्याला देऊन आले होते. स्वतःचा हातातला छोटा वायरलेस चालू करून शर्टाच्या खिशात ठेवला होता, त्यातून मंडळींची हजेरी ऐकू येत होती. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, सेट ठेवला, टिकल्यांची डबी ठेवली.

आधी त्यांनी बॅटरी बघितली. फुगून पाव झालेली, टोकांना हिरवी बुरशी. "ही मेलेली आहे, वहिनी. हिच्यावर मुंगीपण चालणार नाय." ती काढून बाजूला ठेवली. टोकं घासून स्वच्छ केली आणि बरोबर आणलेल्या बॅटरीची वायर जोडली. दिवा लागला, खरखर आली. म्हणजे ऐकायचं काम ठीक. मग बोलायचं तपासलं. सेटला मीटर लावला, माईकचं बटण दाबलं. काटा हलला नाही. माईक उघडला – आतली वायर तुटलेली. ती डाग देऊन जोडली. परत दाबलं. काटा तिथेच. भिंग लावून आत बघत बसले.

"हे बघा. आवाज बाहेर फेकतो तो भागच जळलाय. काळा पडलाय. याच्यातून काय बाहेर जायचं नाय."

"नक्की?"

"छातीवर हात ठेवून सांगतो."

"मग तेच महेशला सांगा."

त्यांनी जोडलेली बॅटरी काढली, मीटर काढला. सेट टेबलावर उघडा, एकही वायर नाही. मी चहा आणला. तेवढ्यात त्यांच्या खिशातली हजेरी संपली. मी समोर बसून पहिला घोट घेतला, आणि खिशातून माझा आवाज आला.

"उघडलाय त्यांनी."

फिलिपभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या तोंडात चहा होता.

"हो, फिलिपभाऊच." मग गप्प. "नाही, जळलाय म्हणतात." आता बराच वेळ गप्प. इतका की मला वाटलं संपलं. मग माझाच आवाज, पण जरा मऊ – मी तसं कधी बोलत नाही.

"बरं. सांगते."

खट् झालं आणि खरखर सुरू झाली. फिलिपभाऊंनी खिशावरच क्रूसाची खूण केली. बशीत चहा सांडला होता, तो त्यांना दिसलाही नाही.

मी म्हटलं, "बघितलंत ना? आता लावा फोन."

त्यांनी लावला. माझ्यासमोर, त्याच टेबलाशी बसून. आणि माझ्या मुलाला काय सांगितलं? "महेश, काय नाय रे. माईकचं बटण अडकलेलं. सेट चालूच राहिलेला, म्हणून आईचं बोलणं बाहेर जात होतं. मी केलाय दुरुस्त."

त्यांनी फोन ठेवल्यावर मी विचारलं, "फिलिपभाऊ, हे काय बोललात?"

"वहिनी, दुसरं काय सांगू? आमच्यात इंजिनियर आहेत, प्रोफेसर आहेत. मला वेड्यात काढतील."

"म्हणून मला वेड्यात काढलंत."

"तसं नाय वो..."

"तसंच आहे. तुमची अब्रू राहिली, माझं डोकं गेलं. उठा आता."

ते उठले. सेट नेऊ का म्हणाले. मी म्हटलं, त्याला हात लावायचा नाही.

महेशच्या मते आता सगळं सिद्ध झालंय. जाणकार माणसाने सांगितलं – आई घरात एकटीच मेलेल्या नवऱ्याशी बोलते. मागच्या आठवड्यात दलाल घर बघायला आला, त्याला मी दारातून परत पाठवलं. सही करणार नाही म्हणजे नाही. महेशने बोलणं टाकलंय. टाकू दे.

भाची म्हणते, मावशी, याला काहीतरी शास्त्रीय कारण असेल, ग्रुपवर कुणी सांगेल. सांगा बापडे. मला सापडलेलं नाही. फिलिपभाऊ हे वाचतात की नाही माहीत नाही. वाचत असतील तर त्या सकाळी काय ऐकलं ते खाली दोन ओळींत लिहावं, नाव नाही घातलं तरी चालेल.

भीती मला त्या आवाजाची वाटत नाही. चीड येते. जन्मभर हा माणूस साऱ्या जगाशी बोलला आणि माझ्याशी बोलायला त्याला आत्ता सुचलं. तेही असं, की माझी उत्तरं ठाण्यापर्यंत सगळ्यांना ऐकू गेली आणि त्याचे प्रश्न मात्र मला एकटीलाही नाहीत. त्या रविवारनंतर आवाज आलेला नाही. "बरं, सांगते" म्हणत कुणाला तरी काहीतरी सांगायचं मी कबूल करून बसलेय. काय, आणि कुणाला, ते मला माहीत नाही.